वायफाय जोडलंय पण नेट नाही : दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

प्रश्न असा आहे : कॉम्प्युटर वायफायला जोडलेला दिसतो, चिन्हाच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात, पण खाली ‘नो इंटरनेट’ असं येतं. कधी आपोआप सुरू होतं, कधी दिवसभर बंद. मोबाइलवर मात्र त्याच वेळी नेट चालतं. कंपनीचा माणूस ‘आमची लाइन ओके आहे’ म्हणून निघून गेला. ओळखीतला एक जण म्हणतो, विंडोज नव्याने टाक. टाकू का?

नका टाकू. हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला प्रकार आहे. आणि पंचाईत अशी की कधीकधी तेवढ्याने नेट सुरू होतंही. मग तो माणूस पुढची दहा वर्षं नेट गेलं की विंडोजच टाकत बसतो. तेवढ्याने ते सुरू का होतं, तेही ओघात सांगतो.

वीस-बावीस वर्षं मी कॉम्प्युटर नेटवर्कला जोडायचं काम करतोय, एका मशिनच्या घरापासून दोनशे मशिनच्या ऑफिसपर्यंत. तक्रार बहुतेक वेळा एकच असते : ‘कनेक्टेड दाखवतंय, पण चालत नाही.’ घोळ त्या ‘कनेक्टेड’ शब्दातच आहे. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला जाणं ही एक गोष्ट नसते, पाच असतात. राउटरशी तारेने किंवा हवेतून सांधा जुळावा लागतो. राउटरकडून कॉम्प्युटरला पत्ता मिळावा लागतो. बाहेर जायचा दरवाजा कोणता हे त्याला कळावं लागतं. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारं कोणीतरी लागतं. आणि एवढं सगळं झाल्यावर ब्राउझरच्या वाटेत मशिनमधल्याच कोणी आडवं येऊन चालत नाही. वायफायच्या काड्या यातल्या फक्त पहिल्या गोष्टीबद्दल बोलतात, बाकीच्या चारांशी त्यांचा काही संबंध नाही.

‘नो इंटरनेट’ हा निकाल विंडोज देतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. नेटवर्क जोडलं की विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटीशी टेक्स्ट फाइल मागवतं. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढे तीनच शब्द असतात. ते जसेच्या तसे आले तर नेट आहे, नाहीतर नाही. म्हणजे तो अंदाज आहे. एखाद्या फायरवॉलने (नेटवर्कच्या ये-जावर पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने) किंवा जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसने (नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेने) नेमका तो पत्ता अडवला, तर नेट धडधडीत चालू असताना खाली ‘नो इंटरनेट’ लिहून येतं. म्हणून पहिली गोष्ट ही की त्या चिन्हाकडे बघू नका, एखादी साइट प्रत्यक्ष उघडून बघा.

दुसरी गोष्ट मोबाइलची. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा धागा तोच आहे, पण आधी तो खरा आहे का ते तपासा. मोबाइलचा डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा, आणि मग नेट चालतंय का बघा. वायफायवर नेट मिळत नसलं की बरेचसे फोन गुपचूप डेटावर जातात आणि ‘मोबाइलवर तर चालतंय’ असा आपला समज होतो. या एका गैरसमजापायी मी स्वतः एकदा अर्धा दिवस भलत्याच मशिनशी झुंजलो आहे. डेटा बंद करूनही मोबाइलवर चाललं, तर कंपनीचा माणूस खरं बोलला : लाइन ठीक, राउटर बाहेर पोचतोय. दोष राउटर आणि तुमचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये किंवा कॉम्प्युटरच्या आत आहे. निम्मं रान इथेच मोकळं झालं.

आता उरलेलं निम्मं. जवळून लांब जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा एकमेव नियम. राउटर रिसेट, ड्रायव्हर (वायफायचा भाग चालवणारा प्रोग्रॅम) नवा आणि डीएनएस वेगळा असं तीन गोष्टी एकदम केल्या की नेट सुरू झालं तरी कशाने ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजची कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ टाइप करा (कमांड आणि आकडे अर्थातच इंग्रजीत). भलीमोठी यादी येईल, घाबरू नका. त्यातलं तुमचं वायफाय अडॅप्टर शोधा आणि तीन ओळी वाचा : आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे, डीएनएस सर्व्हर्स. माझ्या अनुभवात अर्ध्याअधिक केसचा निकाल पहिल्याच ओळीत लागतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. एरवी होतं असं : कॉम्प्युटर जोडला गेला की तो अख्ख्या नेटवर्कला ओरडून विचारतो, ‘मला कोणी पत्ता देतंय का?’ राउटर म्हणतो, ‘हा घे.’ कॉम्प्युटर म्हणतो, ‘घेऊ?’ राउटर म्हणतो, ‘घेतलास.’ या चार वाक्यांच्या बोलण्याला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीने भाड्याने मिळतो, आणि निम्मी मुदत संपली की कॉम्प्युटर नूतनीकरण मागायला लागतो. ओरडूनही उत्तर आलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता लावून घेतं. तो पत्ता त्याच तारेवरच्या दुसऱ्या मशिनशी बोलायला चालतो, बाहेर जायला उपयोगाचा नाही. बिनछत्रीच्या माणसाने डोक्यावर वर्तमानपत्र धरावं तसं.

उत्तर का आलं नसेल? एक शक्यता, सिग्नल इतका खराब आहे की जोडणी दिसते पण बोलणं पोचत नाही. दुसरी, राउटरकडचे पत्ते संपलेत. पुष्कळ राउटरमध्ये वाटायच्या पत्त्यांची मर्यादा ठरवलेली असते, समजा पन्नास. घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे, बल्ब, येऊन गेलेले पाहुणे असे सगळे एकेक पत्ता धरून बसतात, आणि मुदत चोवीस तासांची असेल तर पाहुणा गेल्यावरही त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. मोबाइलला आधीच पत्ता मिळालेला असतो म्हणून त्याचं चालतं, तुमचा कॉम्प्युटर उशिरा चालू होतो म्हणून तो उपाशी. ‘कधी आपोआप सुरू होतं’ याचं हे एक कारण असू शकतं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन पत्त्यांची हद्द वाढवली की प्रश्न मिटतो. तिसरी शक्यता मशिनमधल्या सुरक्षा सॉफ्टवेअरने ते बोलणंच अडवल्याची. ती कमी वेळा दिसते, पण दिसते.

पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बरं लक्षण. १७२.१६ ते १७२.३१ हेही त्यातलेच. हे तीन गट खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेत. जगातल्या कोट्यवधी घरांत एकाच वेळी १९२.१६८.१.५ नावाचं मशिन असतं आणि कोणाचं काही बिघडत नाही, कारण तो पत्ता राउटरच्या बाहेर जातच नाही. राउटर सगळ्यांच्या वतीने स्वतःच्या एका बाहेरच्या पत्त्याने बोलतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपासच आहेत, त्यामुळे ही काटकसर करावी लागली. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.

पण चांगला दिसणारा पत्ताही चुकीचा असू शकतो. तुमच्या मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये त्याचा पत्ता बघा. मोबाइलचा १९२.१६८.१.७ आणि कॉम्प्युटरचा १९२.१६८.०.५० असेल, तर चोर सापडला. कोणीतरी कधीकाळी त्या मशिनमध्ये हाताने पत्ता भरून ठेवलाय, बहुधा प्रिंटर किंवा कॅमेऱ्यासाठी. नंतर राउटर बदलला, नव्या राउटरची मालिका वेगळी निघाली, आणि मशिन जुन्याच गल्लीच्या पाटीखाली उभं आहे. काड्या भरलेल्या, नेट नाही. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’च्या यादीत ‘डीएचसीपी एनेबल्ड’ समोर ‘नो’ दिसलं तर खात्रीच झाली. वायफायच्या गुणधर्मांत जाऊन आयपी असाइनमेंट ‘ऑटोमॅटिक’ करा, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर नेट सुरू व्हायचं एक मोठं कारण हेच : हाताने भरलेला पत्ता पुसला जातो. नखाने निघण्यासारखं काम आणि आपण कुऱ्हाड काढतो.

पत्ता ठीक असेल तर पुढे चला. डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा आहे तो राउटर. ‘पिंग’ लिहून पुढे तो आकडा टाका. चार उत्तरं आली आणि वेळ काही मिलिसेकंदांतच असेल, तर राउटरपर्यंतचा रस्ता साफ. चारातलं एखादंच उत्तर आलं, किंवा वेळ २, ३००, ८, १२०० अशी उड्या मारत असेल, तर वायफायचाच त्रास. त्याकडे वळणारच आहे. मग ‘पिंग १.१.१.१’. हा क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, आकडा लक्षात राहायला सोपा म्हणून मी तोच वापरतो. गूगलचा ८.८.८.८ ही चालेल. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, आणि मोबाइलवरही बंद असेल, तर लाइनचा दोष आणि कंपनीला फोन. राउटर देतो, हा देत नाही, पण मोबाइलवर चालू आहे, तर राउटरमध्ये तुमच्या मशिनलाच कोणी अडवलंय का ते बघा. मुलांच्या अभ्यासासाठी लावलेली वेळेची बंधनं असतात ती, आणि लावणारा विसरलेला असतो. त्या राउटरचं स्मरण मात्र पक्कं असतं.

१.१.१.१ उत्तर देतो पण साइट नावाने उघडत नाही, तर डीएनएस. ही म्हणजे इंटरनेटची फोनची वही : नाव द्या, आकडा घ्या. १९८३ च्या आधी ही वही खरोखर एका फाइलमध्ये होती आणि ती सगळ्यांनी वेळोवेळी उतरवून घ्यायची असा रिवाज होता. मग पॉल मोकापेट्रिस यांनी ती विखरून ठेवायची पद्धत शोधली, जी आजही चालते. ‘एनएसलुकअप’ लिहून पुढे कुठल्याही साइटचं नाव टाका. ‘टाइम्ड आउट’ आलं तर डीएनएस सर्व्हरची ओळ पुन्हा वाचा. तिथे बऱ्याचदा कोणीतरी ‘नेट फास्ट होतं’ म्हणून भरलेला आणि आता मेलेला सर्व्हर सापडतो. तो काढा, ऑटोमॅटिक करा. इथे एक गोची लक्षात ठेवा : हल्ली काही ब्राउझर विंडोजला न विचारता परस्पर स्वतःची वही वापरतात. त्यामुळे ब्राउझरमध्ये सगळं उघडतं आणि ईमेलचं सॉफ्टवेअर किंवा गेम तेवढा अडकतो, किंवा नेमकं उलटं. अशी विचित्र तक्रार आली की मी आधी तिथे बघतो.

आता सगळ्यात छळणारा प्रकार. पत्ता ठीक, राउटर ठीक, १.१.१.१ ठीक, डीएनएस ठीक, तरीही ब्राउझरमध्ये काही उघडत नाही. नेटवर्क इथे निर्दोष सुटलं. तीन ठिकाणी हात घाला. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरची मागणी पुढे पोचवणारा मध्यस्थ, चालू राहिलाय का बघा. ऑफिसच्या मशिनवर लावलेला किंवा एखाद्या फुकटच्या सॉफ्टवेअरने गुपचूप लावलेला प्रॉक्सी तसाच राहतो, आणि ब्राउझर प्रत्येक पान त्या बंद खिडकीवर जाऊन मागतो. दुसरं, व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस अर्धवट काढलेला आहे का. प्रोग्रॅम जातो, पण त्याने नेटवर्कच्या वाटेत बसवलेला गाळणा तिथेच राहतो. ‘नेटवर्क रिसेट’ हे बटण यासाठीच आहे. त्याने वायफायचे पासवर्ड पुसले जातात, ते आधी लिहून ठेवा. तिसरं, घड्याळ. हसू नका. पाच-सात वर्षांच्या मशिनमध्ये मदरबोर्डवरचा सेल, बहुधा सीआर २०३२, संपतो. मग प्रत्येक वेळी वीज गेली की तारीख कुठल्यातरी जुन्या सालावर जाते. आजच्या बहुतेक साइट स्वतःच्या ओळखीचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय उघडत नाहीत, आणि त्या प्रमाणपत्रांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशिनच्या मते अजून ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नाही. पिंग धावतं, साइट उघडत नाही. उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर टाकायला काही लागत नाही, आणि तरी लोक सगळ्यात शेवटी तिकडे बघतात.

या यादीला एक शेपूट आहे. काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, आणि हे सगळ्या मशिनवर होतं, तर पाकिटाचा, म्हणजे डेटा ज्या तुकड्यांत जातो त्या तुकड्याचा, आकार बघा. इथरनेटवर, म्हणजे तारेच्या नेटवर्कवर, एका पाकिटात १५०० बाइट मावतात, पण लाइन पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडायच्या) पद्धतीची असेल तर आठ बाइट त्यातच खर्च होतात आणि १४९२ उरतात. राउटरमध्ये हा आकडा चुकला की लहान पानं येतात, मोठी अडकतात.

विंडोजची एक खोड जाता जाता. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर गाभ्याचा आणि ड्रायव्हरचा भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो, वायफायच्या ड्रायव्हरच्या रुसव्यासकट. म्हणून ‘बंद करून चालू केलं’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो, ‘शट डाउन की रिस्टार्ट?’ रिस्टार्टने सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करायला परवानगी’ अशा अर्थाची खूण असते, ती काढून टाका. कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावरच नेट जात असेल तर बहुधा हेच.

आता वायफाय. काड्या भरलेल्या असतात म्हणजे राउटरचा आवाज तुमच्या मशिनला नीट ऐकू येतो, एवढंच. तुमच्या मशिनचा आवाज राउटरला ऐकू येतो का, हे त्या काड्या सांगत नाहीत, आणि अडॅप्टरचा आवाज राउटरपेक्षा बहुधा बारीकच असतो. शिवाय वायफायवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. शेजारचे राउटर त्याच चॅनलवर असतील तर त्यांच्यासाठीही गप्प बसायचं. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ सगळे त्याच पट्ट्यात गोंधळ घालतात. ५ गिगाहर्ट्‌झ मोकळं असतं, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतं. राउटर आणि मशिन एका खोलीत असतील तर ५ लावा, दोन भिंती मध्ये असतील तर २.४ शिवाय इलाज नाही.

डेस्कटॉप असेल तर त्याच्या मागे जाऊन बघा. वायफाय असलेल्या मदरबोर्डबरोबर अँटेना वेगळी येते, आणि ती स्क्रूने लावायची असते हे न कळल्याने खोक्यातच पडून राहिलेल्या अँटेना मी कितीतरी पाहिल्यात. अँटेनाशिवायही जवळचं वायफाय दिसतं, जोडलंही जातं. चालत मात्र नाही. बरं, अँटेना लावली तरी ती पत्र्याच्या कॅबिनेटमागे, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून असते. यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल असेल तर आणखी एक भानगड : यूएसबी ३ ची चालू जोडणी स्वतः २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर रीतसर मोजमापं काढून टिपण प्रसिद्ध केलं होतं. डोंगलशेजारी बाहेरची हार्डडिस्क लावली की नेट मरतं आणि काढली की जिवंत होतं, असं असेल तर भुताटकी नाही. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन घ्या आणि डोंगल मशिनपासून दूर, उघड्यावर आणा.

पण माझं मत विचाराल, तर डेस्कटॉपला तार द्या. जागचा न हलणारा कॉम्प्युटर वायफायवर ठेवायचा हा हट्ट मला कधी कळलेला नाही. इथरनेटची तार १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागत नाही. कॅट ५ई प्रकारची तार पुरते, नवीन घालायचीच असेल तर कॅट ६ घाला. फक्त तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार दिसायला तशीच असते, पण दोनदा वाकवली की आतून तुटते. नखाने किंवा पात्याने वाहक खरवडून पाहा, आत पांढरट निघालं तर ती परत करा.

तार लावल्यावर सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड वाचा. १००० च्या जागी १०० दिसत असेल, तर लाइन, राउटर, विंडोज कोणालाही दोष देऊ नका, तारेकडे बघा. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. एक गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसलेली नसेल, तरी दोन्ही बाजू निमूटपणे १०० वर तडजोड करतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. दोनशेचं किंवा पाचशेचं कनेक्शन घेऊन वर्षानुवर्षं शंभरावर चालवणारे लोक मी पाहिलेत. मोठी दोरी बांधून उपयोग काय, पोहरा लहान असेल तर पाणी तेवढंच येणार.

क्लिप स्वतः लावणार असाल तर माझी एक जुनी चूक सांगतो. शिकाऊ असताना मी रंगांचा क्रम पाठ करायचा कंटाळा केला. दोन्ही टोकांना सारखाच क्रम असला की झालं, असं म्हणून जोड्या ओळीने लावल्या : नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे लागले. आखूड तारांवर कामही चाललं. लांब तारांवर मात्र मशिन जोडलं जायचं, सुटायचं, फाइल कॉपी करताना गुडघे टेकायचं. दोन दिवस मी स्विच (अनेक मशिनच्या तारा एकत्र जोडणारा डबा) बदलत बसलो. कारण असं की जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून असतात त्या उगीच नाही. एकीत शिरलेला गोंगाट दुसरीतही तितकाच शिरतो आणि दोघींतला फरक घेतला की तो वजा होतो. ३ आणि ६ ही इथरनेटची एक जोडी आहे. माझ्या क्रमात ३ एका पिळातली आणि ६ दुसऱ्या पिळातली झाली होती. वीज पोचत होती, गोंगाट वजा होत नव्हता. साधा टेस्टर फक्त वीज पोचते का एवढंच बघतो. टी५६८बी चा ठरलेला क्रम : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरवी जोडी निळीला मध्ये घेऊन बसते, ती यासाठी.

तार टाकली की लोक स्विच आणतात आणि मग एक नवी आफत शक्य होते. एका ऑफिसात सकाळी सगळी मशिनं एकदम ठप्प. स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत होते. आदल्या संध्याकाळी कोणीतरी टेबलाखाली लोंबणारं तारेचं टोक बघून ते जवळच्या भोकात नीटनेटकं खोचून ठेवलं होतं, आणि त्या तारेचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचला होतं. इथरनेटच्या पाकिटावर ‘इतक्या फेऱ्यांनंतर मर’ असं काही लिहिलेलं नसतं. ‘मला पत्ता देतंय का कोणी’ ही एक हाक त्या वर्तुळात शिरली की फिरतच राहते, तिच्या प्रती निघत राहतात. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच तोड काढली होती, स्पॅनिंग ट्री नावाची, पण साध्या स्वस्त स्विचमध्ये ती बहुधा नसते. सगळ्या दिव्यांचा एकच ताल दिसला की एकेक तार काढत जा, ज्या तारेपाशी ताल मोडेल ती गुन्हेगार.

जुना राउटर ‘वायफाय वाढवायला’ जोडण्यातही असाच सापळा आहे. दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागले, तर कॉम्प्युटरला जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मिळतो. कधी योग्य गेटवे, कधी चुकीचा. तुमच्या ‘कधी चालतं, कधी नाही’ची ही आणखी एक शक्यता आहे, घरात दुसरा राउटर असेल तर हे आधी बघा. त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेत पण वेगळा द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि तार त्याच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) भोकात न लावता लॅन (घरातल्या मशिनच्या) भोकात लावा.

वेगाबद्दल एवढंच : कनेक्शन मेगाबिटमध्ये विकलं जातं आणि डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं, मध्ये आठाचा भागाकार आहे. १०० च्या लाइनवर साडेबाराच्या थोडा खालचा आकडा दिसला तर ते बरोबरच आहे.

आणि राउटरच्या पानावर गेलाच आहात तर तिथली चार कामं उरकून टाका. राउटरचा मूळचा ॲडमिन पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड एकेक करून लावून बघत, त्यात अक्कल फारशी नव्हती. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३ वर ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद करा. कॉम्प्युटरवर नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असू द्या. घरातल्या मशिनमध्ये फाइल किंवा प्रिंटर वाटायचा असेल तेवढ्यापुरतंच ‘प्रायव्हेट’ करा.

तुमच्यापुरतं बोलायचं तर क्रम असा ठेवा. आधी मोबाइलचा डेटा बंद करून बघा. मग कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, आणि नेट पुन्हा गेलं की, म्हणजे ते बंद असतानाच, आयपीकॉन्फिगच्या त्या तीन ओळींचा फोटो काढून ठेवा. चालू असतानाचाही एक फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवा. पत्ता बदललेला दिसला तर राउटर किंवा दुसरा राउटर, सगळं तेच दिसलं तर अँटेना आणि सिग्नल. आणि घरात कुठे नेटवर्कची तार पडून असेल तर एक दिवस मशिन राउटरजवळ नेऊन तारेवर चालवा. तारेवर दिवसभर सुरळीत चाललं, तर विंडोजने काहीही केलेलं नाही.